तुमचेच फोटो, तुमचेच नाव, दुकान मात्र भामट्याचे: नाशिकच्या नव्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी

‘अस्सल येवला पैठणी, फक्त १,२९९ रुपये, ऑफर आज रात्री बारापर्यंत’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तर फोटो नीट बघा. फोटो बहुतेक वेळा खराच असतो. येवल्यातल्या एखाद्या विणकराच्या घरात, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, घरातल्या सुनेने मोबाइलवर काढलेला. खोटे असते ते बाकीचे सगळे: भाव, पेज, पत्ता आणि ‘फक्त तीन शिल्लक’ ही घाई. हातमागावरची रेशमी पैठणी या भावात कोणालाच देता येत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती फार तर यंत्रमागावरची पॉलिस्टरची साडी, नाहीतर काहीच नाही.

हा लेख गिऱ्हाइकासाठी कमी आणि त्या सुनेसाठी जास्त आहे. भांडी बाजारातून तांब्या-पितळेचे हंडे-घंगाळी ऑनलाइन विकायला निघालेला मुलगा, निफाडकडचा मनुका पाकिटे करून पाठवणारे जोडपे, सिडकोतल्या घरातून मसाले विकणाऱ्या काकू, हेही त्यात आले. फोटोचोरी पूर्णपणे थांबवता येत नाही. पण चोरी झालीच, तर ‘हे माझे आहे’ हे दहा मिनिटांत दाखवता येईल अशी तयारी पहिल्या दिवसापासून ठेवता येते. आणि तक्रार ‘फसवणूक’ म्हणून करण्याआधी ‘माझा फोटो चोरला’ म्हणून केली, तर काम बरेच सोपे होते. ते का, ते पुढे येईलच.

आधी चोरीचा प्रकार ओळखा

प्रकार मुख्यतः तीन, आणि प्रत्येकाचे दार वेगळे.

पहिला, इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरचे खोटे पेज. तुमचे फोटो उचलायचे, तुमच्यासारखेच नाव घ्यायचे, जाहिरातीवर थोडे पैसे टाकायचे आणि यूपीआयने आगाऊ रक्कम घेऊन गिऱ्हाइकाला ब्लॉक करायचे. याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’वाला: पार्सल येते, पैसे दिल्याशिवाय उघडता येत नाही, उघडल्यावर आत चिंधी.

दुसरा, अख्ख्या वेबसाइटची नक्कल. नावात एखादे अक्षर जास्त, नाहीतर मध्ये एक आडवी रेघ, शेवटी ‘डॉट शॉप’ किंवा ‘डॉट स्टोअर’. तळाशी तुमचाच पत्ता आणि तुमचाच जीएसटी क्रमांकसुद्धा. क्रमांक खरा असल्यामुळे तो जीएसटीच्या पोर्टलवर तपासणाऱ्या सावध माणसालाही तुमच्याच दुकानाचे नाव दिसते, आणि तो निश्चिंत होऊन पैसे भरतो.

तिसरा प्रकार मोठ्या बाजारपेठांवरचा. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते बसू शकतात. पान तुम्ही बनवले, फोटो तुमचे, चांगले अभिप्राय तुमच्या मालाला मिळालेले. आणि कोणीतरी पन्नास रुपये कमी लावून त्याच पानावर येऊन बसतो. गिऱ्हाइकाला वाटते, तुमचाच हंडा. घरी येतो तो पातळ पत्र्याचा, आणि एक तारा पडतो तुमच्या पानावर.

पायरी १: फोटो काढतानाच पुरावा तयार करा

मूळ फाइल जपा. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि फोनचे मॉडेल नोंदलेले असते. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की ही नोंद निघून जाते. म्हणून पोस्टसाठी फोटो कापण्या-उजळण्याआधी मूळ प्रत पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर, महिनावार फोल्डर करून ठेवा. एकाच वस्तूचे आठ-दहा फोटो काढले असतील, तर पोस्ट न केलेले फोटोही ठेवा. चोराकडे पोस्ट केलेलेच असतात. त्याच साडीचे, त्याच उजेडातले बाकीचे फोटो तुमच्याकडे आहेत, याहून सरळ पुरावा नाही.

कोपऱ्यातल्या वॉटरमार्कवर फार विसंबू नका. कोपरा कापला की तो गेला, आणि हल्लीची अॅप्स मधला वॉटरमार्कही पुसतात. त्यापेक्षा वस्तूच्या शेजारीच दुकानाचे नाव येऊ द्या: हंड्याला टेकवलेली लाकडी पाटी, पदराच्या घडीवर ठेवलेले कापडी लेबल. व्हिडिओ असेल तर आणखी चांगले. मागावर बसलेला माणूस, खटखट चालू, आणि तो स्वतःच्या तोंडाने दुकानाचे नाव सांगतो आहे. हे चोरणे जिकिरीचे असते, म्हणून चोर सोप्या फोटोकडे वळतो.

फोटो पैसे देऊन काढून घेतले असतील तर बिल जपा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. मित्राने हौसेने फुकट काढून दिले असतील, तर हक्क त्याचा. हक्क तुम्हाला दिल्याच्या दोन ओळी त्याच्याकडून लिहून घ्या. मैत्री बिघडत नाही.

आता एक कडू गोष्ट. आपल्याकडे कितीतरी नवे विक्रेते सुरतेच्या किंवा दिल्लीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमधले फोटो जसेच्या तसे लावतात. तो फोटो तुमचा नाही. उद्या दुसऱ्याने तोच लावला, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? आलेल्या मालाचा स्वतःचा फोटो काढा, थोडा कमी देखणा असला तरी चालेल.

वर्णनातही एक खूण पेरून ठेवा. ‘उत्तम दर्जा, आकर्षक रंग’ हे सगळेच लिहितात. त्याऐवजी तुमचेच एखादे वाक्य घाला, जसे ‘हे घंगाळ आमच्या आजीच्या न्हाणीतल्या घंगाळाच्या मापाचे आहे’. चोर वर्णन वाचत नाही, चिकटवतो. ते वाक्य अवतरण चिन्हात टाकून गूगलवर शोधले की नकला समोर येतात.

पायरी २: नाव बांधून घ्या, पण घाईत खर्च करू नका

ट्रेडमार्कचा, म्हणजे नावावरचा हक्क नोंदवण्याचा, अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी (म्हणजे मालाच्या एका गटासाठी) ४,५०० रुपये, इतरांसाठी ९,०००. नोंदणी झाली की ती दहा वर्षे चालते आणि पुढे वाढवता येते. नुसते व्हॉट्सअॅपवर ओळखीच्यांना विकत असाल तर पहिल्या वर्षी हा खर्च केला नाही तरी चालेल, असे माझे मत. पण मोठ्या बाजारपेठेवर स्वतःच्या नावाने पान उघडणार असाल, तर अर्ज आधी करा. तिथल्या ब्रँड नोंदणीला ट्रेडमार्क लागतो, आणि ती नोंदणी असली की तुमच्या पानावर बसलेल्या उपऱ्याला उठवणे सोपे जाते.

नाव ठरवताना मात्र ‘येवला पैठणी’ किंवा ‘नाशिक मनुका’ असे ठेवू नका. नुसते गाव आणि वस्तू मिळून झालेले नाव सहसा कोणा एकाला मिळत नाही. आडनाव, आजीचे नाव, मनाने घडवलेला शब्द, असे काहीतरी त्यात हवे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि विणकर त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करू शकतो. जरूर करावी. पण मानांकन ‘पैठणी’ या नावाला सांभाळते, तुमच्या फोटोला नाही.

वेबसाइट घेणार असाल तर ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ दोन्ही घेऊन टाका.

पायरी ३: पैसे भरताना कोणते नाव दिसेल, ते आधीच सांगा

इतके साधे आणि इतके उपयोगी दुसरे काही नाही. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्याचे नाव पडद्यावर येते. दुकानाच्या नावाने चालू खाते उघडा, त्याच खात्याचा क्यूआर वापरा आणि प्रत्येक पोस्टखाली, बिलावर, स्टेटसवर एकच वाक्य सतत लिहा: ‘पैसे भरताना अमुक नावच दिसेल. दुसरे नाव दिसले तर थांबा आणि आम्हाला फोन करा.’ घरातल्या तिघांच्या तीन क्रमांकांवर पैसे घेत बसाल, तर गिऱ्हाइकाला चौथाही तुमचाच वाटेल.

तसेच तुमची खरी ठिकाणे कोणती याची यादी एका जागी ठेवा: इन्स्टाग्रामचे एकच पान, एकच बिझनेस क्रमांक, गूगल नकाशावरची दुकानाची नोंद. खाद्यपदार्थ असतील तर अन्न परवान्याचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक पाकिटावर छापा.

पायरी ४: आठवड्यातून एकदा चक्कर मारा

सर्वाधिक खपाच्या चार-पाच वस्तूंचे फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सोयीत, टाकून बघा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोणकोणत्या जाहिराती चालू आहेत, हे त्यांच्या मालक कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, जाहिरात संग्रहात (अॅड लायब्ररीत) कोणालाही दिसते. तिथे दुकानाचे नाव आणि ‘पैठणी’, ‘तांब्याचा हंडा’ असे शब्द टाका. दिवाळी, लग्नसराई, पाडवा जवळ आला की जास्त बघा. पुढे सिंहस्थ आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग २०२७ मधली शाही स्नाने. गंगाजलाचे गडू, पूजेची भांडी, रुद्राक्ष, ‘त्र्यंबकेश्वरचा प्रसाद घरपोच’ अशा जाहिरातींचा त्या काळात सुळसुळाट होणार, यासाठी ज्योतिषी नको.

पायरी ५: सापडले की गप्प बसून पुरावा गोळा करा

पहिली ऊर्मी येते ती खाली ‘फ्रॉड आहे, फसू नका’ असे लिहिण्याची. लिहू नका. पाचव्या मिनिटाला तुम्हाला ब्लॉक करतील, आणि मग तुम्हालाच काही दिसणार नाही.

आधी पडद्याचे रेकॉर्डिंग सुरू करा. पेज उघडा, सगळ्या पोस्ट हळूहळू सरकवा, पत्त्याची ओळ आणि फोनवरची तारीख दिसू द्या. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावावर दाबले की ‘या खात्याबद्दल’ अशी माहिती मिळते: खाते कधी उघडले, कोणत्या देशातून, आधी नाव काय होते. फेसबुक पेजवर पारदर्शकतेचा भाग असतो, तिथेही नावबदलाचा इतिहास दिसतो. कालपर्यंत मोबाइल कव्हर विकणारे पेज आज ‘येवला सिल्क’ झालेले असते, त्याचे चित्र जपा. पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा, यूपीआय आयडी आणि दिसणारे नाव टिपा, पैसे भरू नका. चोरलेल्या प्रत्येक फोटोची लिंक वेगळी लिहा आणि तिच्यासमोर तुमच्या मूळ पोस्टची लिंक. ज्या फोनवर हे रेकॉर्डिंग केले, तो लगेच विकू नका. प्रकरण कोर्टात गेले, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे तुमच्याच पानावर उपरा बसला असेल तर, त्याच्याकडून एक वस्तू रीतसर मागवा. बाजारपेठेवर परताव्याची सोय असल्याने यात धोका कमी. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण, ऑर्डर क्रमांक, त्याने पाठवलेला हंडा आणि तुमचा हंडा एकाच वजनकाट्यावर. यापुढे वाद उरत नाही.

पायरी ६: तक्रार, आणि ती कोणत्या दारातून

पेजवरच्या तीन टिंबांवर दाबून ‘घोटाळा’ निवडला की तक्रार यंत्राकडे जाते. यंत्र बघते, पेज नीटनेटके आहे, फोटो सभ्य आहेत, आणि कळवते की नियमांचे उल्लंघन आढळले नाही. पन्नास नातेवाइकांकडून तेच करवून घेतले तरी फार फरक पडत नाही. घोटाळा झाला की नाही हे बाहेरून ठरवणे अवघड. फोटो कोणाचा, हे ठरवणे सोपे. म्हणून बौद्धिक संपदेचा, कॉपीराइटचा फॉर्म शोधा. तो इन्स्टाग्राम, फेसबुक, अॅमेझॉनसारख्या प्रत्येक मोठ्या मंचावर असतो.

कायदा इथे तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो, नोंदणीची गरज नाही. कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ नुसार, हक्कदाराची रीतसर लेखी तक्रार मिळाली आणि मजकूर साठवणाऱ्या मंचाला त्यात तथ्य वाटले, तर त्याने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो, २१ दिवसांसाठी. त्या २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करण्याची मुभा त्याला असते. कोर्टापर्यंत जाण्याची वेळ क्वचित येते, कारण भामटा आपला हक्क सांगायला पुढे येत नाही. तो नव्या नावाने नवे पेज काढतो. म्हणून तक्रारीचा मसुदा तयार ठेवायचा:

‘मी अमुक दुकानाची मालक असून सोबतच्या फोटोंची कॉपीराइटधारक आहे. फोटो मी स्वतः अमुक तारखेला काढले असून माझ्या पानावर अमुक तारखेला प्रथम प्रसिद्ध केले. खालील लिंकवर ते माझ्या परवानगीशिवाय वापरले आहेत. मूळ फाइल मागितल्यास देईन. वरील माहिती खरी आहे.’

खाली लिंकच्या जोड्या. बस. ‘आमची इतक्या वर्षांची इभ्रत’ वगैरे या फॉर्ममध्ये नको. आणि लक्षात ठेवा, तक्रारदाराचे नाव व ईमेल समोरच्याला कळवले जाऊ शकते, म्हणून घरचा नाही, दुकानाचा ईमेल द्या.

वेबसाइटची नक्कल असेल तर डोमेन कोणाकडून घेतले, हे ‘हू-इज’ या शोधात कळते. तिथे गैरवापराच्या तक्रारीसाठी ईमेल दिलेला असतो. तसाच अर्ज साइट ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीला, आणि पैसे ज्या पेमेंट गेटवेतून जातात त्यालाही करा. माझ्या मते सर्वांत जास्त हा शेवटचा अर्ज झोंबतो. साइट पुन्हा उभी करायला तासभर पुरतो, गोठलेले खाते लवकर सुटत नाही.

बाजारपेठेवरच्या तक्रारीसाठी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० आहेत. प्रत्येक मंचाने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करायचे असते, त्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणेही मंचावर बंधनकारक आहे. गिऱ्हाइकांनाही हे सांगा, कारण त्यांची तक्रार तुमच्या तक्रारीला बळ देते.

एक सावधगिरी. कॉपीराइट तुमच्या फोटोचा आहे, नक्षीचा नाही. बांगडी मोर, मुनिया, असावली या पिढ्यान्पिढ्यांच्या नक्ष्या आहेत. शेजारच्या गल्लीतल्या विणकराने त्याच नक्षीची साडी विणून स्वतःचा फोटो लावला, तर तो चोर नाही. रागाच्या भरात त्याच्यावर तक्रार टाकाल, तर उद्या तुमचेच खाते अडचणीत.

पायरी ७: पोलिस

ज्याचे पैसे गेले त्याने ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, आणि जितक्या लवकर कळेल तितकी वाटेतच ते गोठवण्याची शक्यता जास्त. फोन जमला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. तुमचे स्वतःचे पैसे गेले नसले, तरी नाव वापरल्याची तक्रार त्याच पोर्टलवर करता येते. नाशिक शहरात असाल तर पोलिस आयुक्तालयाचे सायबर पोलिस ठाणे, येवला-निफाड-सिन्नर असेल तर नाशिक ग्रामीणचे. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर मिळाले तर नम्रपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेता येते. कलमे पोलिस ठरवतील. तुम्हाला ठाऊक असावीत इतपत: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, शिवाय भारतीय न्याय संहितेची ३१८ आणि ३१९. पोच घेतल्याशिवाय उठू नका. ती पुढे बँकेला, मंचाला, गिऱ्हाइकाला, सगळ्यांना दाखवता येते.

पायरी ८: चिडलेला फोन

खरी कसोटी ही. समोरून आवाज चढलेला असतो: ‘ताई, तीन आठवडे झाले, साडी नाही, फोन उचलत नाही, दुकान बंद करून पळालात का?’ तुम्ही कधी न पाहिलेली बाई, तुम्ही कधी न घेतलेले पैसे. ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणून फोन ठेवलात, तर तिच्या लेखी तुम्हीच चोर, आणि संध्याकाळी गूगलवर तुमच्या दुकानाला एक तारा.

असे बोला: ‘मावशी, पैसे कोणत्या नावावर गेले ते बघून सांगता का? आमच्या खात्याचे नाव अमुक आहे. दुसऱ्याने आमचे फोटो लावून तुम्हाला फसवले आहे, आम्हीही तक्रार केली आहे. तुम्ही आत्ता १९३० वर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. तुमचा स्क्रीनशॉट मला पाठवा, मी आमच्या तक्रारीला जोडते.’ असे बोललेली बाई पुढे तुमची साक्षीदार होते, कधीकधी गिऱ्हाईकसुद्धा. स्वतःच्या खिशातून पैसे किंवा साडी मात्र देऊ नका. चांगुलपणा म्हणून एकीला दिले की जबाबदारी घेतल्यासारखे दिसते, आणि रांग लागते.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, हे सांगा. यूपीआयने स्वतःच्या हाताने पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपणहून परत करत नाही, हेही खोटी आशा न लावता सांगा. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा’ असे मेसेज आता येतील, तेही त्याच गावचे असतात.

स्टेटसवर, ब्रॉडकास्ट लिस्टवर आणि दुकानाच्या काचेवर त्याच दिवशी सूचना लावा. खोट्या पेजची लिंक देऊ नका, नुसते चित्र द्या, त्यावर लाल फुली मारून. लिंक दिली की उत्सुकतेने माणसे तिथेच जातात.

शेवटी पार्सलांचे. काही भामटे पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तुमचाच छापतात, त्यामुळे नाकारलेली पार्सले फिरून तुमच्या दारात येऊ शकतात. दुकानातल्या पोराला सांगून ठेवा: आपल्या नोंदवहीत नसलेले पार्सल घ्यायचे नाही, सही करायची नाही. पण परत पाठवण्याआधी लेबलचा स्पष्ट फोटो काढायचा. त्यावर ट्रॅकिंग क्रमांक असतो, आणि त्यावरून माल कुठून उचलला, कोणत्या खात्यावर बुक झाला हे कुरिअर कंपनीकडून पोलिसांना काढता येते. तो फोटो त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला तक्रार क्रमांकासह पाठवा.